अर्ध्यावर ठेवलेल्या बॅटऱ्या

खानझोड्यांच्या घरात एसी बसला तेव्हा आमच्या मजल्यावर सगळ्यांना वाटलं, मुलीने म्हाताऱ्या वडिलांची उन्हाळ्याची सोय केली. सुधाकररावांनीच तो गैरसमज दूर केला. "माझ्यासाठी नाही हो, कुसुमताई. तो बॅटऱ्यांसाठी आहे. त्यांच्या खोलीत मला झोपू देतात, एवढंच."

भोपाळच्या शाहपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. केंद्रीय विद्यालयातून निवृत्त होऊन मी इथे राहायला आले, तेव्हा सुधाकररावांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि मुलगी मृणाल, दोघंच. ते शाळकरी असताना वडिलांबरोबर नागपूरहून भोपाळला आले. राज्य पुनर्रचनेत नागपूरची राजधानी गेली आणि फायलींच्या पेट्यांबरोबर कारकुनांची कुटुंबंही इकडे हलली, त्यातलं हे एक. पुढे तेही सचिवालयातच लागले. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार झाला, मृणाल तिथेच वाढली. सुधाकररावांची बोली शेवटपर्यंत नागपूरची राहिली. मृणालच्या तोंडी मराठी आणि हिंदी अशी काही मिसळलेली असायची की एकाच वाक्यात ती दोन्हीकडे जाऊन यायची.

मृणालने सिव्हिलचा डिप्लोमा केला होता. एका सर्व्हे कंपनीत काही वर्षं जमिनी मोजल्या, मग ड्रोन उडवण्याचं रीतसर लायसन्स काढलं आणि स्वतःचं काम सुरू केलं. गावठाणांचे नकाशे, कालवे, टॉवरची पाहणी. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल ती बोलत नसे आणि मीही कधी विचारलं नाही. उंच, सावळी, चालताना किंचित पुढे झुकणारी. काम नसलं की दिवसभर घरात काहीतरी पुसत, तपासत असायची.

तिच्याकडे दोन ड्रोन होते. त्यातल्या एकाला उष्णता टिपणारा कॅमेरा होता. अंधारात, झाडीत, जिथे डोळ्यांना काही दिसत नाही तिथे अंगात ऊब असलेलं जे काही असेल ते त्याच्या पडद्यावर पांढरं दिसायचं. या ड्रोनच्या बॅटऱ्यांना ती फार जपायची. कामावरून आली की त्या लगेच चार्जिंगला लावायची नाही. ओट्यावर मांडून गार होऊ द्यायची. सुधाकरराव येता जाता हाताची पालथी बाजू त्यांना लावून बघायचे, पोराचा ताप बघतात तशी. "उतरला," असं म्हणाले की मृणाल त्या उचलायची, अर्ध्याच्या आसपास भरायची आणि लोखंडी पेटीत ठेवून द्यायची. ती पेटी एसीच्या खोलीत, भिंतीपासून लांब. बाल्कनीत वाळूची बादली.

"फोन तर आपण पूर्ण भरून ठेवतो," मी एकदा म्हणाले.

"फोन आपण रोज वापरतो, मावशी. ही पडून राहते. पूर्ण भरून ठेवली तर आतून ताण राहतो, फुगते. पूर्ण रिकामी ठेवली तर मरून जाते, परत उठतच नाही. अर्ध्यावर तिला बरं वाटतं. कामाच्या आदल्या रात्री भरायची, काम झालं की पुन्हा अर्ध्यावर आणायची. असं केलं तर वर्षानुवर्षं चालते."

तिच्या बॅटऱ्या खरंच चालायच्या. तिच्यामागून धंद्यात आलेल्या, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मुलांनी दोन-दोन संच फेकून दिले तरी हिच्या पहिल्याच बॅटऱ्या उडत होत्या.

जिल्ह्याच्या बचाव पथकातला शैलेंद्र तिला एका प्रशिक्षणात भेटला होता. त्याने तिचा नंबर ठेवून घेतला. मग कधीतरी त्याचा फोन यायचा. रातापाणीच्या जंगलाच्या कडेला हरवलेले एक विसराळू आजोबा तिने तुरीच्या शेतात शोधून दिले होते, जिवंत. पण अशी कामं दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू व्हायची. शैलेंद्र संध्याकाळी सांगायचा, ती रात्रीत बॅटऱ्या भरायची. त्यामुळे अर्ध्या भरलेल्या बॅटऱ्यांमुळे कधी कोणाचं अडलं नव्हतं.

ते अडलं ऑगस्टातल्या एका रविवारी.

गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यातली चार-पाच कुटुंबं सहलीला गेली होती. होशंगाबाद रोड सोडून आत गेलं की एक नदी लागते. पावसाळ्यातही उघडीप असली की तिच्यातले खडक वर असतात, लोक त्यांवर बसून डबे खातात. त्या दिवशी भोपाळात ऊन होतं. पाऊस वर कुठेतरी डोंगरात झाला होता. पाणी आलं तेव्हा बायका खडकावर भांडी आवरत होत्या. बाकीच्यांना ओढून काढलं. विनिता झाडे नावाची एक बाई पाण्यातच राहिली.

शैलेंद्रचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच चहाला बसले होते. मृणाल उभी राहून ऐकत होती. "कितनी देर हुई?" तिने विचारलं. मग म्हणाली, "निकलती हूँ."

ती पेटी घेऊन आली, एकेका बॅटरीचं बटण दाबून बघितलं. प्रत्येकीवर चारांपैकी दोनच दिवे लागले.

"भरून घेऊन जा," सुधाकरराव म्हणाले.

"एक भरायला तास जातो, बाबा. तासाभरात अंधार होईल. पाण्यात बाई आहे."

तिने गाडीत चार्जर लावला, पण गाडीवर त्या मुंगीच्या पावलाने भरतात. पुढे काय झालं ते तिने मला एका दमात कधीच सांगितलं नाही. वर्षभरात तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेच इथे जोडून सांगते.

काठावर दोन जीपा होत्या, दोर होते, गावातली माणसं होती, पथकाची बोट पाण्यात होती. विनिताचा नवरा अशोक अनवाणी उभा होता, अंगात दुसऱ्याच कोणाचा तरी रेनकोट. तो लेथवर काम करणारा माणूस, पस्तिशीचा. मृणालने ड्रोन वर नेला. पडद्यावर पाणी काळं, झाडी करडी. थोडं खाली, प्रवाहाच्या मधोमध एक अर्जुनाचं झाड अर्ध्यापर्यंत बुडालेलं होतं. त्याच्या फांद्यांत पांढरा ठिपका होता.

अशोक तिच्या खांद्यामागून बघत होता. "तीच आहे," तो म्हणाला.

मृणालने जागा सांगितली. शैलेंद्रने वायरलेसवर बोट वळवायला लावली. बोटीला सरळ जाता येईना, भोवऱ्याला वळसा घालून पलीकडच्या अंगाने यावं लागत होतं. बोटीतल्यांना झाड दिसत नव्हतं, मृणाल वरून बघून दिशा सांगत होती. तेवढ्यात बॅटरीचा इशारा वाजायला लागला.

अर्ध्या बॅटरीत अर्धा वेळ मिळत नाही. ड्रोन परत आणायला लागणारी चार्जिंग राखून ठेवावी लागते, आणि वारं समोरून असलं तर जास्तच. भरलेल्या बॅटरीतही तेवढीच राखावी लागते. त्यामुळे वर टिकून राहायला जे उरतं ते फारच थोडं असतं. मृणालला हे पाठ होतं. ती अशोकला म्हणाली, "मी दुसरी लावून लगेच वर पाठवते. जागा खूण करून ठेवलीय."

ड्रोन खाली आला, बॅटरी बदलली, ड्रोन पुन्हा गेला. खूण केलेल्या जागी झाड होतं. पाणी आणखी वर चढलं होतं. फांद्यांत काही नव्हतं. बोट जेव्हा झाडापाशी पोचली तेव्हा बोटीतल्या माणसाने टॉर्च फिरवून हाताने नाही नाही अशी खूण केली, ती तिला पडद्यावर दिसली.

मग तिने खालच्या बाजूला शोधलं. दुसरी बॅटरी संपली, तिसरी संपली, चौथी संपली. पाऊस आला.

ड्रोनचं झाकण लावत असताना अशोक तिच्यापाशी आला.

"तुमच्या बॅटऱ्या भरलेल्या नव्हत्या?"

"नव्हत्या. अर्ध्या होत्या."

"का?"

"काम नसताना अर्ध्याच ठेवाव्या लागतात. भरून ठेवल्या तर लवकर मरतात."

तो तिच्याकडे बघत राहिला. "बॅटऱ्या," तो म्हणाला.

"हो," मृणाल म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. विनिता दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याला सापडली.

शैलेंद्र तिला म्हणाला की बोट तशीही वेळेवर पोचली नसती. दुसऱ्या एका जवानाने सांगितलं की ड्रोन वर असता आणि ती वाहून जाताना दिसली असती, तर बोट खालीच अडवता आली असती. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते. मृणालने दोघांचंही ऐकून घेतलं आणि तेव्हापासून बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवायला लागली.

त्या बॅटऱ्यांना अशी सोय असते की भरून ठेवल्या आणि वापरल्या नाहीत तर थोड्या दिवसांनी त्या आपोआप उतरत उतरत सुरक्षित पातळीवर येतात. मृणाल ती वेळ येऊ द्यायची नाही. उतरायला लागायच्या आत पुन्हा वर चढवायची. पावसाळा गेला, दिवाळी गेली, नदीत घोट्याएवढं पाणी उरलं, तरी पेटीतल्या सगळ्या बॅटऱ्यांवर चारही दिवे.

"काय करून राहिली तू?" सुधाकरराव तिला म्हणाले. "तूच तर सांगत होती, भरून ठेवायच्या नाहीत म्हणून."

"आता भरूनच राहतील, बाबा."

"अन् मग खराब होतील त्या?"

"होऊ दे खराब."

आवाज चढवून बोलायची तिला सवय नव्हती, आणि तेव्हाही तिने चढवला नाही. सुधाकरराव गप्प बसले. मला म्हणाले, "तिला समजते सगळं. समजूनच करून राहिली, म्हणून तर काही बोलता येत नाही."

बॅटऱ्या खराब होतच गेल्या. आधी जेवढा वेळ त्या ड्रोनला वर ठेवायच्या तो घटत गेला. सर्व्हेच्या कामात तिला पुन्हा पुन्हा खाली यावं लागायचं. मार्च लागला, भोपाळचं ऊन तापलं, आणि एक दिवस मी ओट्यावर ठेवलेली एक बॅटरी पाहिली. सपाट असायला हवी ती पोटाशी फुगली होती. बोट लावलं तर डुलायची. मी मृणालला दाखवली.

"माहितीय," ती म्हणाली. "गोविंदपुऱ्यात भंगार बॅटऱ्या घेणारे आहेत, त्यांना देऊन टाकीन."

दिली नाही. फुगलेली बॅटरी उडवायची नसते हे तिने मलाच शिकवलं होतं. ती उडवत नव्हतीच. पण पेटीत एक कमी झाली तर नेमकी त्याच दिवशी कोणाला तरी तिची गरज पडेल, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं. ते तिने मला नंतर सांगितलं. त्या वेळी मला फक्त एवढं दिसत होतं की फोन वाजला की तिचा हात आधी पेटीकडे जातो.

मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली. मृणालने एक बॅटरी चार्जरला लावलेली होती. चार्जिंग चालू असताना घराबाहेर पडायचं नाही, हा तिचा आणखी एक जुना नियम. पण लाइटच नव्हती, आणि तिला एका कामाचे नकाशे द्यायला अरेरा कॉलनीत जायचं होतं. चार्जरचा प्लग भिंतीतच राहिला. सुधाकरराव जेवून त्याच खोलीत आडवे झाले होते. ती गेल्यावर लाइट परत आली, एसी सुरू झाला आणि चार्जरही.

मी भांडी विसळत होते. आधी आवाज आला, फटाक्याच्या वातीसारखा सूं करत राहणारा. मग वास. गोडसर, घशाला चावणारा. मी दार उघडलं तर त्यांच्या दाराच्या फटीतून पांढरा धूर जमिनीलगत बाहेर येत होता. त्यांची एक चावी माझ्याकडे असायची. मी आत गेले तेव्हा सुधाकरराव खोलीच्या दारात होते. त्यांनी पेटी दोन्ही हातांनी उचललेली होती आणि ते बाल्कनीकडे चालले होते. पेटीतून ज्वाळा वर येत होत्या. मी ओरडले, "टाका, टाका ती खाली." ते थांबले नाहीत. बाल्कनीत जाऊन त्यांनी पेटी खाली ठेवली, टाकली नाही, ठेवली, आणि वाळूची बादली तिच्यात उलटी केली. मग भिंतीला टेकून खाली बसले. त्यांचे हात मला बघवले नाहीत.

जिच्यामुळे पेटी पेटली ती चार्जरवरची बॅटरी अजून आत पलंगाशेजारी जळत होती. तिने गादी धरली, गादीने पडदे. अग्निशामकवाले येईपर्यंत ती खोली संपली होती. उष्णता टिपणारा ड्रोन कपाटावर होता, तोही गेला.

मृणाल सरळ हॉस्पिटलमध्ये आली. नकाशांची नळी तिच्या काखेत तशीच होती. मला म्हणाली, "प्लग काढला नाही मी." डॉक्टरांनाही तिने तेच सांगितलं, पोलिसांनाही. कोणी विचारलं नसलं तरी सांगायची.

सुधाकररावांच्या हातांवर शस्त्रक्रिया झाल्या. जखमा भरल्या, पण बोटं मिटायची थांबली. दोन्ही पंजे कायमचे अर्धवट उघडे राहिले. त्या धुराने छातीत घर केलं ते केलंच. सचिवालयात ज्यांच्या अक्षरासाठी लोक मुद्दाम त्यांच्याकडून टिपणी लिहून घ्यायचे, त्यांना शर्टाचं बटण लावता येईना. मृणाल त्यांना भरवायची, दाढी करायची. बाहेरची कामं तिने बंद केली. शिल्लक राहिलेला साधा ड्रोन एका शूटिंगवाल्याला देऊन टाकला. ती खोली रंगवून घेतली, पण सुधाकरराव तिथे परत झोपायला तयार झाले नाहीत. हॉलमध्ये, पंख्याखाली, दिवाणावर झोपायचे. खोलीचं दार लोटलेलं राहायचं.

मृणाल त्यांच्या समोर बसली की नजर त्यांच्या हातांवर जायची. एकदा माझ्यादेखत ते तिला म्हणाले, "ऐक. तू अर्ध्या ठेवत होती तेव्हा चुकली नव्हती. भरून ठेवायला लागली तेव्हा चुकली. मी काही बोललो नाही, ते माझं चुकलं. झालं ते झालं. आता पुढचं काय ते ठरव, पण माझ्या हातांकडे बघून ठरवू नको."

तिने मान हलवली. ठरवलं मात्र काहीच नाही. दिवस तसेच जात राहिले.

दसऱ्यानंतर अशोक झाडे आला. आगीची बातमी त्याला शैलेंद्रकडून कळली होती. त्याला मी पहिल्यांदाच बघत होते. बारीक, केस फार लहान कापलेले, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघायचा. सुधाकररावांना त्याने वाकून नमस्कार केला, खुर्चीवर बसला आणि पाणी प्यायला. मी उठायला लागले तर मृणाल म्हणाली, "मावशी, बसा."

"तुमच्याकडे त्या दिवसाचा व्हिडिओ असेल," तो म्हणाला.

मृणाल म्हणाली, "आहे."

"मला बघायचाय."

"त्यात फार काही दिसत नाही."

"जे दिसतं ते."

तिने लॅपटॉप आणला. तो दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ठेवून तिने फाइल उघडली. मी बाजूने बघत होते. काळं पाणी, करडी झाडी, मग ते झाड, आणि त्यात तो ठिपका. ज्वारीच्या दाण्याएवढा. किंचित लांबट व्हायचा, पुन्हा गोल व्हायचा. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचा आकडा लाल झाला. चित्र मागे सरकायला लागलं, ठिपका लहान होत कडेला गेला आणि दिसेनासा झाला.

"पुन्हा लावा," अशोक म्हणाला.

तिने पुन्हा लावलं.

"ती हात हलवतेय का?"

"सांगता येणार नाही. एवढ्या उंचीवरून हात दिसत नाही, अंगाची ऊब दिसते."

"म्हणजे तेव्हा ती होती."

"हो. तेव्हा होती."

त्याने लॅपटॉप स्वतःच मिटला. सुधाकररावांना खोकल्याची उबळ आली, मृणाल उठून त्यांची पाठ चोळायला लागली.

"त्या दिवशी मी विचारलं ते चुकीचं नव्हतं," अशोक तिच्याकडे न बघता म्हणाला. "कोणीही विचारलं असतं."

"हो."

"पण म्हणून तुमचं घर जळावं, काकांचे हात जावेत, असं माझ्या मनात कधी आलं नाही. हे सांगायला आलो." तो उठला. दारापाशी चपला घालताना त्याने विचारलं, "म्हणजे भरून ठेवल्या तरी चालत नाही, आणि नाही ठेवल्या तरी चालत नाही. मग करायचं काय?"

"पाळी लावायची," मृणाल म्हणाली. ती हे आधीपासून मनात घोळवत होती की तिथेच सुचलं, मला माहीत नाही. "एका माणसाच्या घरी एका आठवड्यापुरत्या भरलेल्या असतील. आठवडा संपला की त्याने त्या मैदानावर उडवून अर्ध्यावर आणायच्या. तेवढ्यात दुसऱ्याच्या भरलेल्या. कोणतीच फार दिवस भरलेली पडून राहत नाही, आणि भरलेली कुठे ना कुठे असतेच. पण त्याला माणसं लागतात. एकट्याने होत नाही."

अशोक निघून गेला.

थोड्या दिवसांनी शैलेंद्रचा फोन आला. अशोक त्याच्याकडे जाऊन बसला होता. शैलेंद्रने ड्रोनवाल्यांना जमवलं. लग्नाचं शूटिंग करणारे, शेतावर औषध फवारणारे, एक दोन सर्व्हेवाले. पुष्कळांनी पहिल्या बैठकीनंतर तोंड दाखवलं नाही. टिकले ते थोडे. मृणालने त्यांना बॅटऱ्या कशा ठेवायच्या ते शिकवलं. उडवून आणल्यावर गार होऊ द्यायच्या, फुगली की त्याच दिवशी बाद करायची, चार्जिंगला लावून घर सोडायचं नाही. कोणी झोपतो त्या खोलीत ठेवायच्या नाहीत. हे शेवटचं सांगताना ती अडखळली नाही, पण त्यानंतर पाणी प्यायला थांबली. अशोकने कारखान्यात जाड पत्र्याच्या पेट्या करून दिल्या. धूर निघून जायला वरून फट ठेवलेल्या. पेट्या पोचवायला तो स्वतः यायचा नाही, कोणाबरोबर तरी पाठवायचा.

सुधाकरराव जानेवारीत गेले. थंडीत त्यांची छाती भरली ती मोकळी झालीच नाही. शेवटचे दिवस ते तुलसी नगरच्या क्वार्टरबद्दल बोलत असायचे, ती पाडली गेल्याचं त्यांच्या लक्षात राहत नव्हतं. सुभाषनगर घाटावर अशोक आला होता, लांब उभा होता. मृणालनेच अग्नी दिला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पथकाने तिला उष्णतेच्या कॅमेऱ्याचा ड्रोन चालवायला दिला. फोन यायचे. बहुतेक वेळा हाती मृतदेहच लागायचा. एकदा मात्र पुराच्या पाण्याने वेढलेल्या शेतात एक गुराखी बाभळीवर अडकला होता, तो तिच्या पडद्यावर दिसला. बोट त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर ती त्याच्या डोक्यावर ड्रोन धरून होती, आणि तो वाचला. तिने हे मला भाजी निवडताना सांगितलं आणि पुढची जुडी उचलली.

या ऑगस्टातल्या एका आठवड्यात बॅटऱ्या भरून ठेवायची पाळी तिचीच होती. एका संध्याकाळी शैलेंद्रचा फोन आला. नाल्यावरचा पूल ओलांडताना मोटारसायकलवरची दोन माणसं वाहून गेली होती. मृणाल लगेच निघाली, सगळ्या बॅटऱ्या भरलेल्या होत्या. ती अंधार पडल्यावर परत आली तेव्हा मी तिच्यासाठी खिचडी ठेवली होती.

"सापडले?" मी विचारलं.

"नाही." ती हात धुऊन आली, ताटावर बसली. "सगळ्या पुरल्या, मावशी. पाहिजे तेवढा वेळ ड्रोन वर होता. सगळा नाला बघितला, पार धरणापर्यंत. कुठे काही पांढरं नव्हतंच."

तिने दोन घास खाल्ले. मग ताट सरकवून ठेवलं आणि बाल्कनीत गेली. बॅटऱ्या तिथल्या फरशीवर ओळीने मांडल्या होत्या. वाकून तिने एकेकीला हात लावून बघितला. अजून गरम होत्या. ती तिथेच खुर्ची ओढून बसली.